महाराष्ट्र संघाची दोन वर्षे

१९३४ साली कलकत्त्याच्या मैदानावर एक नवल घडले. मोहमेडन स्पोर्टिंग हा फुटबॉलचा संघ दुसऱ्या वर्गातून नुकताच पहिल्या वर्गात चढला होता. १८९८ पासून चालत आलेल्या त्या साखळी स्पर्धेत पहिल्या वर्गाचे अजिंक्यपद तोपर्यंत एकाही हिंदी संघाच्या वाट्याला आले नव्हते. गोऱ्या पलटणी आणि गोऱ्यांचे क्लब तो मान आपसांत वाटून घेत आले होते. नव्याने वर आलेल्या संघाने अशा ठिकाणी वर्ष-दोन वर्षे मार खावा, अनुभव जोडावा आणि मग मोठ्या आशा धराव्या, असा व्यवहाराचा दंडक आहे. मोहमेडन स्पोर्टिंगने तो दंडक मोडला. पहिल्याच वर्षी त्याने अजिंक्यपद घेतले आणि पुढे १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे ते हातचे जाऊ दिले नाही.

फुटबॉलमधील या घटनेशी नाते सांगणारी एक घटना त्याच काळात मराठी मुलखात घडली. खेळ निराळा, म्हणजे चेंडूफळीचा, आणि यशाला लागलेली वर्षेही थोडी अधिक. परंतु धाकट्याने थोरल्यांच्या पंक्तीत येऊन मानाचे पान पटकवावे, हा प्रकार तोच. ती हकीकत पुण्याची आहे, तितकीच कृष्णाकाठच्या सांगलीचीही आहे.

१९३३ साली रणजितसिंहजी निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांनी करंडक दिला आणि १९३४ च्या नोव्हेंबरात मद्रास व म्हैसूर यांच्या सामन्याने रणजी करंडक स्पर्धेला आरंभ झाला. प्रांताने प्रांताशी खेळावे, ही या स्पर्धेमागची कल्पना. तोवर देशातील सर्वांत गाजलेले सामने मुंबईचे, आणि त्यांत संघ पडत ते धर्माप्रमाणे. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपीय असे चार तट मैदानावर एकमेकांसमोर उभे राहत. १९३७ पासून त्यांत ‘इतर’ म्हणून पाचवा तट आला. ख्रिस्ती आणि जे कोणात बसत नाहीत ते त्यात बसत. रणजी स्पर्धेने ही जुनी वाटणी बाजूस ठेवून मुलखाप्रमाणे नवी वाटणी केली. ‘महाराष्ट्र’ या नावाचा एक संघ त्या पहिल्या वर्षापासूनच स्पर्धेत होता.

आज या नावाचे कोणास विशेष वाटणार नाही. त्या काळी मात्र महाराष्ट्र नावाचा प्रांत नकाशावर कोठेही नव्हता. मराठी माणसे मुंबई इलाखा, मध्यप्रांत-वऱ्हाड आणि निजामाचे राज्य यांत विभागलेली होती, आणि इलाख्यातसुद्धा जिल्ह्या-जिल्ह्यांच्या मधून संस्थानांची ठिगळे लावलेली होती. साताऱ्याचेच उदाहरण पाहावे. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई, माहुली, कऱ्हाड असे इंग्रजी अमलाखालचे गाव करीत खाली येई. तासगाव, खानापूर आणि वाळवे हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच मोडत. तीच नदी सांगलीच्या घाटाला लागली की तिच्या काठी पटवर्धनांचे राज्य असे. फलटण आणि औंध ही संस्थाने निराळीच. पुढे संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि सांगलीसारखी संस्थाने मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० साली त्यासच सांगली हे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्राची मागणी बेळगावच्या साहित्य संमेलनात पुढे आली ती १९४६ साली. त्याच्या पुष्कळ आधी अकरा गडी ‘महाराष्ट्र’ या नावाने मैदानात उतरत होते. नाव अगोदर आले आणि प्रांत पंचवीस वर्षांनी.

नाव थोर असले तरी संघाचे बळ बेताचेच. पश्चिम विभागातून पुढे सरकायचे तर वाटेत मुंबई उभी. मुंबईस मैदाने, जिमखाने, व्यापाऱ्यांचा पैसा आणि वर्षभर चालणारे सामने. पहिल्या दोन वर्षांचा करंडक मुंबईनेच नेला. दुसरीकडे संस्थानिकांचे संघ. नवानगरचा संघ १९३६-३७ साली प्रथमच स्पर्धेत उतरला आणि त्याच वर्षी अजिंक्य ठरला. परंतु त्याच्या पाठीशी जामसाहेबांचा खजिना होता, अमरसिंगसारखा गोलंदाज होता, तरुण विनू मंकड होता आणि ससेक्सचा धंदेवाईक खेळाडू वेन्सली हा कर्णधार म्हणून आणलेला होता. पुढील वर्षी हैदराबाद, त्याच्या पुढे बंगाल. पाच वर्षांत पाच करंडक दिले गेले आणि त्यांपैकी एकावरही महाराष्ट्राचे नाव कोरले गेले नाही. ज्या संघाला खजिना नाही, राजधानी नाही, किंबहुना ज्याच्या नावाचा प्रांतही नाही, त्याने याहून अधिक काय करावे, असे कोणी म्हटले असते तर ते वावगे ठरले नसते.

पुण्याची चेंडूफळी मात्र जुनी होती, आणि तिचा इतिहास सगळाच अभिमानाचा नव्हता. बाळू पालवणकर हे आपल्या देशाचे पहिले थोर गोलंदाज याच पुण्यात तयार झाले. साहेबांच्या क्लबात मैदानाची देखभाल करता करता ते ग्रेगसारख्या फलंदाजाला तासन्‌तास चेंडू टाकीत. हिंदूंच्या संघाने त्यांस घेतले, त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकले, आणि चहाच्या वेळी मात्र ते चर्मकार समाजातले म्हणून त्यांस बाहेर निराळ्या पेल्यात चहा दिला. चेंडू शिवला तर चालतो आणि पेला शिवला तर चालत नाही, असा तो न्याय. पुढे त्यांचे बंधू विठ्ठल हे १९२३ साली हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले. पण त्यासाठी किती वर्षांची झीज सोसावी लागली, हे पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिले होते.

ही झीज पाहिलेल्यांपैकी एक होते दिनकर बळवंत देवधर. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, पुण्याचाच. व्यवसायाने ते सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक. ज्या जमखंडीकर पटवर्धनांचे नाव त्या महाविद्यालयास आहे, त्यांच्याच कुळाची दुसरी शाखा सांगलीस राज्य करीत होती. सकाळी कालिदास-भवभूती आणि सायंकाळी चेंडूफळी, असा देवधरांचा क्रम. १९२६ साली गिलिगनचा इंग्रज संघ आला असता मुंबईत त्याच्याविरुद्ध सर्व हिंदुस्थानच्या संघाकडून त्यांनी १४८ धावा केल्या होत्या. १९३२ साली पहिला कसोटी संघ विलायतेस निघाला तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे होते आणि वय झाले या सबबीवर ते मागे राहिले. दुसरा एखादा या दुःखाने बॅट खुंटीस टांगून बसला असता. देवधरांनी पुढली दहा वर्षे महाराष्ट्राचा संघ घडविण्यात घातली.

हे घडविणे शिक्षकाचे होते. खेळाडू विकत आणण्यास पैसा नव्हता. तेव्हा जे मिळेल ते बी पेरून वाढवावे लागे. महाविद्यालयांतील विद्यार्थी, नोकरी सांभाळून खेळणारे कारकून, जिल्ह्याच्या गावी काथ्याच्या मॅटिंगवर खेळून मोठी झालेली मुले, हे त्यांचे भांडवल. क्षेत्ररक्षण, धावण्याची चपळाई आणि अंगाची तयारी यांवर त्यांचा कटाक्ष होता, कारण या तीन गोष्टींस दाम पडत नाही. थेंबे थेंबे तळे साचे, हा व्यवहार त्यांनी मैदानावर चालविला. चोरटी एकेक धाव आणि अडविलेला एकेक चौकार यांची बेरीज दिवसाअखेर शंभरावर जाते, हा हिशेब त्यांनी मुलांच्या गळी उतरविला.

या बियाण्यातील सर्वांत कसदार दाणा सांगलीचा होता. विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळामास्तर आणि घरात आठ भावंडे. अशा घरात चेंडूफळीचे साहित्य म्हणजे चैनच. तरीही १९३४-३५ च्या पहिल्याच हंगामात हा मुलगा महाराष्ट्राकडून खेळला. परंतु जेथे पिकते तेथे विकत नाही. महाराष्ट्राच्या संघाला मान देता येई, पगार देता येत नसे. हजारे देवासच्या महाराजांच्या आश्रयास गेले आणि काही वर्षे मध्य हिंदुस्थानकडून खेळले. ऑस्ट्रेलियाचा प्रख्यात फिरकी गोलंदाज ग्रिमेट याच्या शिकवणीचा लाभ हजाऱ्यांना मिळाला. बॅट दोन्ही पॅडांच्या मध्ये धरून उभे राहण्याची त्यांची विचित्र ढब ग्रिमेटने बदलू दिली नाही. विद्यार्थ्याचे अंगभूत वळण मोडू नये, हे चांगल्या गुरूस कळते. १९३९ साली हजारे पुन्हा महाराष्ट्राच्या संघात आले.

१९३९-४० चा तो हंगाम. युरोपात महायुद्ध सुरू झाले होते. पुण्यात महाराष्ट्राची गाठ बडोद्याशी पडली. त्या डावात हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतील हे पहिले त्रिशतक. महाराष्ट्राने ९ बाद ६५० वर डाव सोडला. परंतु त्या डावातील खरी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट निराळी आहे. आठ गडी बाद झाल्यावर शेपटाला फार आशा नसते. हजाऱ्यांच्या जोडीस तेव्हा नगरचे नोशिरवान नगरवाला आले, आणि या दोघांनी नवव्या गड्यासाठी २४५ धावांची भर घातली.

या जोडीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. हजारे ख्रिस्ती, नगरवाला पारशी आणि त्यांचा कर्णधार पुण्याचा ब्राह्मण प्राध्यापक. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हे तिघे तीन निरनिराळ्या तंबूंत बसले असते आणि एकमेकांचे गडी बाद करण्याच्या खटपटीत राहिले असते. पुण्याच्या मैदानावर ते एका टोपीखाली होते. एक सांगलीकर, एक नगरकर, एक पुणेकर, एवढीच त्यांची ओळख तेथे पुरेशी होती. बाळू पालवणकरांच्या वेळी जे साधले नाही, त्याच्या दिशेने हे एक पाऊल होते. पाऊल लहान खरे, परंतु मातीवर उमटलेले.

अंतिम सामना पुण्यात संयुक्त प्रांताशी झाला आणि महाराष्ट्राने तो दहा गडी राखून जिंकला. पाच वर्षे रिकाम्या हातांनी परतलेल्या संघाने करंडक घरी आणला. असे एखादे वर्ष कोणासही साधते, असे म्हणणारे असतातच. खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी असते, कारण तेव्हा सर्वांचे लक्ष विजेत्याकडे लागलेले असते.

१९४०-४१ मध्ये पुण्यातच मुंबईशी सामना झाला. हा सामना जो हरेल तो त्या वर्षापुरता बाद. देवधरांना तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षे पुरी झाली होती. या वयात माणसे प्रेक्षकांत बसून तरुणांच्या चुका काढतात. देवधरांनी फलंदाजीस येऊन २४६ धावा केल्या आणि महाराष्ट्राचा डाव ६७५ वर संपला. मुंबईचे उत्तरही तिच्या लौकिकास शोभणारे होते. खंडू रांगणेकर यांनी द्विशतक ठोकले आणि धावफलक सहाशेच्या पलीकडे गेला. दोन्ही डाव पुरे न होता सामना संपल्यास पहिल्या डावाच्या आघाडीवर निकाल लागतो, असा नियम. म्हणजे एकेक धाव मोलाची. मुंबईचा शेवटचा गडी बाद झाला तेव्हा तिच्या धावा होत्या ६५०. पंचवीस धावांनी महाराष्ट्र पुढे गेला. एकूण १३२५ धावांच्या राशीत पंचवीस म्हणजे काय? चार-सहा अडविलेले चौकार आणि काही चोरट्या धावा. देवधरांनी वर्षानुवर्षे शिकविलेला हिशेब त्या दिवशी पैशापैशाने जुळला.

त्या वर्षी रंगा सोहोनी यांची बॅटही तळपली. हंगामात त्यांच्या धावांची बेरीज साडेसहाशेच्या वर गेली. मध्यप्रांतातून आलेले चंदू सरवटे संघात होते. अंतिम सामना मद्रासला, मद्रासशीच. परक्या मैदानावर, परक्या प्रेक्षकांपुढे महाराष्ट्राने तो सहा गडी राखून जिंकला आणि सलग दुसऱ्या वर्षी करंडक आपल्याकडे ठेवला.

यानंतरची हकीकत सांगितली नाही तर इतिहास अर्धवट राहील. ज्या बडोद्याविरुद्ध हजाऱ्यांनी त्रिशतक केले, त्याच बडोद्याने त्यांस नोकरी दिली. १९४१ पासून हजारे बडोद्याचे झाले. १९४१-४२ चा करंडक मुंबईने परत नेला आणि १९४२-४३ मध्ये बडोद्याने. त्या बडोद्याच्या संघात हजारे होते. १९४७ च्या मार्चमध्ये बडोद्यासच होळकर संघाविरुद्ध गुल महंमद आणि हजारे यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली, तिचा डंका जगभर वाजला. सरवटे पुढे इंदूरला होळकरांकडे गेले. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांनी १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ पासून ते नऊ धावांवर असताना प्रतिपक्षाने सामना सोडून दिला. तेही पुढे होळकरांकडेच गेले. मळा मराठी मुलखात, आणि मोटेचे पाणी मात्र दुसऱ्याच्या पाटात, असे हे चालले.

यात हजाऱ्यांचा दोष काढणे अन्यायाचे होईल. आठ भावंडांच्या घरातल्या शिक्षकपुत्राने स्थिर नोकरी घेतली, यात गैर काय? आपल्या संस्थानी मुलखातील राजेरजवाड्यांनी गुण ओळखून त्यास पोटापाण्याची हमी दिली, हे त्यांचे श्रेयच आहे. उणीव होती ती महाराष्ट्राच्या बाजूस. येथे गुरू होता, शिष्य होते, परंपरा होती. शिष्याच्या चुलीची व्यवस्था करणारे कोणी नव्हते. एका माणसाच्या तपश्चर्येवर संघ शिखरावर चढू शकतो. तेथे टिकून राहण्यास मात्र संस्थेचा पाया लागतो. मोहमेडन स्पोर्टिंगच्या पाठीशी एका मोठ्या समाजाचे प्रेम होते, मुंबईच्या पाठीशी जिमखाने होते, बडोद्याच्या पाठीशी दरबार होता. महाराष्ट्राच्या पाठीशी देवधर होते. हे पुष्कळ होते, तरी पुरेसे नव्हते.

त्याचा पुरावा पुढील सालांनी दिला. १९४८-४९ मध्ये पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र पुन्हा भिडले. दोन्ही संघांच्या चार डावांत मिळून २३७६ धावा झाल्या. कोणत्याही प्रथम दर्जाच्या सामन्यात इतक्या धावा झाल्या नव्हत्या. महाराष्ट्राने त्यांत हजाराहून अधिक धावा केल्या आणि तरीही तो ३५४ धावांनी हरला. यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ अशा तीन वेळा महाराष्ट्र अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तिन्ही वेळा रिकामा परतला. १९४१ नंतर २०२५ पर्यंत तो करंडक पुण्यास पुन्हा आला नाही. याच राज्यातील विदर्भाने मात्र, ज्याच्याकडे कोणी फारसे पाहत नसे, २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी सलग दोन वर्षे तो जिंकून देवधरांच्या संघाची आठवण करून दिली.

गेलेल्या करंडकाबरोबर सर्वच गेले असे मात्र नाही. हजारे यांनी १९४८ च्या जानेवारीत अॅडलेडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ११६ आणि १४५ अशी एका कसोटीत दोन शतके केली. असे करणारे ते पहिले भारतीय. १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळविला तेव्हा कर्णधार तेच होते. नगरवाला कसोटी सामन्यांचे पंच झाले. देवधरांनी १९४४-४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षाच्या सुमारास, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात १०५ आणि १४१ अशा धावा केल्या आणि एकशे एक वर्षांचे पूर्ण आयुष्य भोगून १९९३ साली ते गेले. आज देशातील एका एकदिवसीय स्पर्धेच्या करंडकास हजाऱ्यांचे नाव आहे, आणि देवधरांच्या नावाचा करंडक तर १९७३ मध्येच सुरू झाला होता. सांगलीच्या मातीनेही आपला वसा टाकला नाही. तेथेच वाढलेल्या स्मृती मानधना यांनी २०१३ साली, एकोणीस वर्षांखालील मुलींच्या एकदिवसीय सामन्यात, गुजरातविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद २२४ धावा केल्या. तो सामना बडोद्यात झाला होता. ज्या गावाने सांगलीचा एक मुलगा नेला, त्याच गावी सांगलीची एक मुलगी महाराष्ट्राच्या नावाने खेळून गेली.

पंचवीस धावांनी जिंकलेला तो सामना आणि नवव्या गड्याची ती भागी यांचे मोल करंडकाच्या रुप्याहून निराळे आहे. महाराष्ट्र म्हणजे कोण, हा प्रश्न ज्या काळी सभांतून आणि ठरावांतून अजून सुटलेला नव्हता, त्या काळी पुण्याच्या मैदानावर एका प्राध्यापकाने त्याचे उत्तर अकरा नावे लिहून दिले होते. त्या यादीत जिल्हा, संस्थान आणि धर्म यांस रकाना नव्हता.